पोत्यांशेजारची खाट

माझी वहिनी माणसाला आधी हुंगते, मग "ये" म्हणते. हे मी नणंदेच्या तोऱ्यात सांगत नाही, अगदी शब्दशः खरं आहे. दारात उभं राहिलं की तिचं नाक जरा वर होतं आणि लगेच निकाल लागतो: अत्तर लावलंयस, डोक्याला तेल आहे, बाहेर काहीतरी तळलेलं खाऊन आलीस. एकदा मी एका लग्नाहून परस्पर तिच्याकडे गेले, तर तिनं मला मागच्या दारानं आत घेऊन आधी साडी बदलायला लावली. नाकावर माशी बसू न देणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण नाकाच्या तालावर अख्खं घर नाचवणारी ही एकच.

याला कारण कोको. वहिनीच्या भावाची नारळाची बाग आहे आणि नारळांच्या सावलीत कोकोची झाडं. तिच्या माहेरी कुणी कधी चॉकलेट केलं नव्हतं. फळं फोडायची, गरासकट बिया पानांखाली झाकून आंबवायच्या, उन्हात वाळवायच्या आणि पोती भरून व्यापाऱ्याच्या गाडीत टाकायची, की संपलं. दादाशी लग्न होऊन कितीतरी वर्षं झाल्यावर एकदा वहिनीनं सहज एक बी दाताखाली फोडली, तोंड वाकडं केलं आणि विचारलं, "हे इतकं कडू आणि दुकानातली वडी इतकी गोड. मधे नेमकं होतं तरी काय?"

दादा म्हणाला, "साखर घालतात." माझं तेवढ्यावर समाधान झालं असतं. वहिनीचं झालं नाही. तिनं तव्यावर बिया भाजल्या, सुपात घेऊन टरफलं पाखडली आणि उरलेलं सगळं साखरेसकट मिक्सरमध्ये घातलं. मिक्सर जळाला. दादाच्या कपाळाला आठ्या पडल्या, वहिनी मात्र जळक्या मिक्सरच्या तळाचं बोटानं चाटून बघत होती. वाळूत साखर कालवावी तसं लागत होतं म्हणे, पण "वास बघ, वास!" असं म्हणत ती ते भांडं घेऊन घरभर फिरली. चॉकलेटचं काही पी हळद अन् हो गोरी असं नसतं, हे तिला हळूहळू कळत गेलं. मग दगडी ग्राइंडर आला. तो रात्रंदिवस घरघरत असतो. नवीन माणसाला वाटतं, आत कुणी पाहुणा झोपलाय. पुढे तिनं दवाखान्यातली पेशंटची नावं लिहून घेण्याची नोकरीही सोडली.

करायला ती शिकली, पण बिया सांभाळायला काही जमेना. बागेतला माल एकदाच येतो आणि पुढच्या हंगामापर्यंत पुरवायचा असतो. आमच्याकडची हवा म्हणजे काय सांगावं! मिठाला पाणी सुटतं, कपाटातल्या चपला हिरव्या होतात, काडेपेटीतली काडी ओढली तर नुसती घासत राहते. पहिल्या वर्षी पोती खालच्या सामानाच्या खोलीत ठेवली, तर बिया बुरशीनं गेल्या. पुढच्या वर्षी बाहेरच्या खोलीत फळ्यांवर ठेवली, तर बारीक पाखरं झाली आणि बियांना जाळी धरली. वहिनी जमिनीवर बसून सुरीनं एकेक बी उभी चिरून बघायची. बाहेरून धडधाकट आणि आतून पोकळ, पिठूळ.

"यंदाचा माल गेला तर बास," ती मला म्हणाली. "भावाला सांगणार, दे बाबा व्यापाऱ्यालाच. मी आपली दवाखान्यात परत." हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हा आमचे बाबा पुढे आले. बाबा रंगारी. जन्मभर लोकांच्या भिंती आणि छतं रंगवली. मान वर, हात वर, ब्रश वर. त्यात उजवा खांदा कायमचा कामातून गेला. हात थकल्यापासून ते वरच्या खोलीत खिडकीशी बसून गल्लीतल्या भिंतींना नावं ठेवायचे. कुणाच्या पोपड्यांवरून हात फिरवलाय, कुणी ओल्या भिंतीवर रंग मारलाय, याचं त्यांच्याकडे चोख उत्तर. ते ऐकायला मात्र कुणी नसायचं. जेवण चिवडायचे, दाढी वाढू द्यायचे. मला काळजी लागून राहिली होती.

त्या दिवशी ते जिना उतरून आले आणि पालथा हात लावून घरातली एकेक भिंत तपासत फिरले. शेवटी वहिनीला म्हणाले, "या घरात कोरडी भिंत एकच आहे, माझ्या खोलीतली. दोन्हीकडून ऊन लागतं, खिडक्या समोरासमोर. पोती वर आण."

"आणि तुम्ही?"

"मी पण तिथंच. मला काय बुरशी लागणार आहे?"

पोती वर गेली. विटांवर फळ्या, फळ्यांवर पोती, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागून वारं खेळतं. पलीकडे बाबांची खाट. कोणत्या वाऱ्याला खिडकी उघडायची आणि कोणत्या वाऱ्याला लावून घ्यायची, हे वहिनीनं सांगायच्या आधीच बाबांना ठाऊक होतं. रंग कधी वाळेल आणि कधी नाही, यातच आयुष्य गेलेलं! वहिनीनं त्यांना मिठाची परीक्षा मात्र शिकवली. काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर बिया आणि चिमूट-दोन चिमूट भाजलेलं मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं तर बियांत ओल आहे, नाही चिकटलं तर ठीक. बाबा रोज सकाळी बाटली हलवायचे आणि जिन्यावरून आरोळी द्यायचे, "कोरडं!" मी फोन केला की मलाही पलीकडून ते ऐकू यायचं. दाढी रोज व्हायला लागली. येईल त्याला ते सांगायचे, "वर्षभराचा माल माझ्या ताब्यात आहे."

सगळं सुरळीत चाललं होतं आणि कॉफीच्या दुकानाच्या मालकिणीनं चॉकलेट परत पाठवलं. वहिनीचा बहुतेक माल तिच्याकडेच जायचा. "छान आहे, पण गिळल्यावर घशात थंड लागतं. पुदिना घातलास का? पुन्हा असंच लागलं तर मला नाही ठेवता येणार."

दुसरी बाई रडत बसली असती. वहिनीला मात्र ताप चढावा तसं कुतूहल चढलं. थंड म्हणजे कसं थंड? जिभेवर की घशात? आधी की मागून? तिनं भांड्यांचा साबण बदलून पाहिला, फरशीचं फिनेल बंद केलं, वड्यांचा कागद चाटून पाहिला, खोक्याचा डिंकसुद्धा सोडला नाही. मी तेव्हा चार दिवस राहायला गेले होते, तर मलाही कामाला लावलं. प्रत्येक पोत्यातल्या बिया वेगळ्या भाजून, माझे डोळे मिटायला लावून, ती एकेक बी माझ्या तोंडात टाकायची. दुपारपर्यंत माझी जीभ लाकडाची झाली, पण उत्तर सापडलं. खिडकीकडच्या पोत्यातली बी स्वच्छ लागत होती. जसजसं खाटेकडे यावं तसतसा थंडपणा वाढत होता.

"कोकोत लोणी असतं ना," वहिनी म्हणाली, "आणि लोणी वास पितं. लोण्याशेजारी चिरलेला कांदा ठेवून बघा."

ती जिना चढून गेली, मागोमाग मी. पोत्यांवरून नाक फिरवत फिरवत खाटेपर्यंत आली आणि थांबली. बाबा सदऱ्याची गुंडी सोडून खांद्याला बाम चोळत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाबांनी वर पाहिलं. वहिनी एवढंच म्हणाली, "जेवायला चला," आणि खाली आली.

स्वयंपाकघरात, जिन्याच्या अगदी तोंडाशीच, माझा तोल गेला. "आता बाबांना खाली ओलीत आणून टाकणार का? पोत्यांसाठी?"

"वन्सं, मी तोंड तरी उघडलं का?"

"तुझं नाक बोललं की."

"माझ्या नाकाला मी गप्प कसं करू?" तीही चिडली. "पोती हलवीन मी. बाबांना कोण हात लावतंय?" पण हलवून ठेवणार कुठं, हे तिला माहीत नव्हतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. वहिनीनं खाटेकडच्या बिया गच्चीवर पसरून दिवसभर वारं दिलं आणि ती पोती शक्य तितकी पलीकडे सरकवली. मी घरी परतले. थोड्या दिवसांनी तिचा फोन आला, आवाज नुसता उड्या मारत होता. वास गेला! नवीन घाण्यात काही म्हणजे काही नाही, आणि कॉफीवाली आणखी मागतेय. मागून दादा म्हणाला, "सुंठीवाचून खोकला गेला." वहिनीला ते पटलं नाही. ऊन बियांतून वास कसं ओढून घेतं, यावर तिनं मला बराच वेळ ऐकवलं. वास जाऊन परत का आला नाही, हे तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा बाबा डाव्या हातानं चहा पीत होते. दाढी एका गालाची झालेली, दुसऱ्या गालावर खुंट तसेच. बाटलीही त्यांनी डाव्या हातानंच हलवली आणि आरोळी न देता हळूच म्हणाले, "कोरडं आहे."

"हात दुखतोय का, बाबा?"

"वय झालं."

तेवढ्यात वहिनी बशीत ताजं चॉकलेट घेऊन वर आली. प्रत्येक घाण्याची पहिली वडी बाबांना, हा तिचा शिरस्ता. सवयीनं तिचं नाक वर झालं आणि बशी हातात तशीच राहिली. "बाबा, बाम कुठाय?"

"संपला."

"कधी?"

बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "समोरच्यानं भिंत बघ कशी रंगवलीय. एक हात मारून पैसे घेतले असणार."

वहिनी खाटेच्या कडेवर बसली. घरात कसलाही वास आला तर त्याचं कारण सापडेपर्यंत तिला चैन पडत नाही. "वास गेला म्हणून मी नाचले," ती म्हणाली. "कुठं गेला ते विचारलंसुद्धा नाही." मला तिचा राग यायला हवा होता, पण मला तिची फार कीव आली आणि बाबांची त्याहून जास्त. इतके दिवस ते उशीत तोंड घालून कळा काढत होते आणि सकाळी उठून मीठ बघत होते.

ती उठून खाली गेली. रस्त्याकडचं दार आपटलं. ती परत आली ती धापा टाकत, औषधाच्या दुकानातून, कमरेला स्वयंपाकाचं फडकं तसंच खोचलेलं. तिनं बामच्या डबीचं झाकण काढलं तसे बाबा दचकून मागे सरकले.

"अगं, वेड लागलंय का? आधी पोती बाहेर काढ."

"नंतर."

"सगळा माल जाईल!"

"जाऊ दे."

"जाऊ दे काय?" बाबांचा आवाज चढला. "माल गेला की मी इथं काय करायचं? भिंती बघत बसू? बाम कुठल्याही दुकानात मिळतो. या वयात मला काम कोण देतं?"

मी जाऊन दोन्ही खिडक्या सताड उघडल्या, तेवढंच मला सुचलं. वहिनीनं पदरानं नाक पुसलं आणि बाबांच्या सदऱ्याची गुंडी सोडली.

"कामावरच्या माणसाचा खांदा मालकिणीनं बघायला नको का?" ती म्हणाली. "पोत्यांना वास लागणार नाही अशा जाड पिशव्या मिळतात, हवासुद्धा आत जात नाही. पण बी हाडासारखी वाळलेली असेल तरच चालतात. तुम्ही राखलीत ना तशी? मग भरू त्यात. इथंच ठेवू. कोरडं आहे की नाही, ते रोज तुम्हीच सांगायचं. मला नाही कळत."

हे शेवटचं साफ खोटं होतं. बाबांनाही ते कळलं असावं, कारण त्यांनी खांदा पुढे केला. वहिनीनं अंगठा रोवून चोळायला सुरुवात केली. बाबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"बाम झोंबतोय," ते म्हणाले.

"झोंबू दे," वहिनी म्हणाली आणि चोळत राहिली.