कुत्र्याची संकष्टी

आमच्या आईच्या कोथरूडच्या घरात कुत्रासुद्धा उपास करायचा. चेष्टा नाही. संकष्टीला आईची साबुदाण्याची खिचडी, त्याचीही तीच, फक्त मिरची वगळून. मी कधी बोलले, की ती म्हणायची, घरातलाच आहे ना तो, मग घरातलं खाईल. एरवी दूध-पोळी, वरणभात, आणि तिचा मूड असेल तर शिरा.

बाबा गेल्यानंतर सोसायटीच्या गेटवरून हा गावठी प्राणी तिच्या मागे मागे वर आला आणि तिथेच राहिला. तेव्हापासून ती सकाळी फिरायला जायला लागली, लोकांशी बोलायला लागली. मग त्याच्या पाठीवरचे केस झडायला लागले आणि जिना चढताना तो मध्येच बसायला लागला, तेव्हा मी दोघांना घेऊन प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. मला कुत्र्याची काळजी होतीच, पण आईची त्याहून जास्त.

डॉक्टरांनी त्याला तपासलं, रक्त बघितलं आणि मग विचारलं, खातो काय? आईने अभिमानाने सगळं सांगितलं, संकष्टीसकट. डॉक्टर बिचारे पेन खाली ठेवून ऐकत राहिले. मग त्यांनी समजावलं, की याला आजार असा काही नाही, पोट भरतंय पण अंगाला लागेल असं काही मिळत नाही. अंडं, चिकन, मासे द्या. कुत्र्याच्या तयार खाण्याचं पाकीट आणलंत तर मागची बारीक अक्षरं वाचा, पहिलं नाव मांसाचं हवं, मक्याचं नको. शिऱ्यातले बेदाणे बंद. कांदा-लसूणही अजिबात नको. यावर आई लगेच म्हणाली, "तो आमच्याकडे चातुर्मास पाळतोच." तेवढाच एक मुद्दा जिंकल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर होतं.

घरी येताना मात्र तिने जाहीर केलं, की माझ्या स्वयंपाकघरात अंडं येणार नाही. दुकानात चष्मा कपाळावर चढवून तिने हिरव्या ठिपक्याचं पाकीट शोधून काढलं. स्वारीने ते हुंगलं आणि आमच्याकडे असं बघितलं, की पुणेरी पाटी लावायचीच काय ती बाकी होती. शेवटी तह झाला: मी वारज्याला माझ्या घरी अंडी आणि चिकन उकडायचं, रोज ऑफिसला जाताना डबा पोचवायचा, आणि त्याने बाल्कनीत खायचं. डबा परत देताना आई तो दोन बोटांनी धरून माझ्या पिशवीत टाकायची.

हळूहळू पाठीवर लव दिसायला लागली. जिनाही तो न बसता चढायला लागला.

मग संकष्टी आली, आणि नेमकी त्याच दिवशी माझी गाडी बंद पडली. डबा माझ्याच हातात, मी रस्त्यात. आईला फोन केला, तर उचलेना. झालं, म्हटलं, आज पुन्हा खिचडी. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात. रिक्षात बसून मी मनातल्या मनात तिच्याशी कडाकडा भांडत आले.

दार उघडंच होतं. आई बाल्कनीत खाली बसली होती, नाकाला पदर लावून. शेजारी बाबांच्या ट्रेकचा जुना स्टोव्ह, त्यावर कुठलंसं पोचे आलेलं पातेलं. ती अंडं सोलत होती, आणि सोलायचं कसं हे माहीत नसल्यामुळे निम्मं अंडं टरफलालाच चिकटत होतं. जन्मात पहिल्यांदा ती खालच्या दुकानात जाऊन अंडी मागून आली होती. दुकानदाराने, काकू, तुम्ही? असं विचारलं, तर त्याला म्हणे सांगितलं, तुम्ही अंडी द्या, चौकशा नकोत.

समोर स्वारी लाळ गाळत बसलेली.

"अगं, आज संकष्टी ना?" मी विचारलं.

"आहे की. खिचडी केलीच नाही आज," अंड्याचा तुकडा त्याच्यापुढे ठेवत ती म्हणाली. "त्याच्या वाटचा उपासही मीच धरलाय."