न मागवलेलं रजिस्टर

लंडनला मी इतिहास शिकायला गेले होते. हसू नका, खरंच गेले होते. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत आमच्या पुण्याच्या कॉलेजनं सहा मुलींना तिथल्या दफ्तरखान्यात महिनाभर संशोधनाला पाठवलं. त्यात कुरकुंभची मी एकटी. माझा विषय शिरूरची जुनी घोडदळाची छावणी. गावात माझा फ्लेक्स लागला. त्यावर माझ्यापेक्षा सरपंचांचा फोटो मोठा होता, ते सोडा.

निघायच्या आदल्या दिवशी शेजारचे आप्पा आले. ऐंशी ओलांडलेले, पण ताठ. लग्नपत्रिकेच्या मागं त्यांनी वडिलांचं नाव आणि फौजेतला नंबर लिहून आणला होता, घरातल्या पत्र्याच्या पेटीवरून उतरवून. आप्पा पाळण्यात असताना वडील रजा संपवून दुसऱ्या महायुद्धावर गेले. ना परत आले, ना तार आली. गावानं आपलं आपणच ठरवून टाकलं, की गडी पळाला आन् तिकडंच दुसरा संसार थाटला.

"तिथं मेलेल्यांच्या याद्या आसत्याल ना गं पोरी? तेवढं नाव हाय का बघ. मेला आसंल तर मेला म्हून सांग. मला वाईट न्हाई वाटायचं."

"बघते की आप्पा, त्यात काय एवढं!" काय तो माझा तोरा!

दफ्तरखान्यात कुठलाही कागद हवा असला की काउंटरवर विचारून, चिठ्ठी भरून मागवावा लागायचा. पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाईंनी माझं इंग्रजी कळेना म्हणून मला एकच वाक्य तीनदा बोलायला लावलं. मागं उभ्या असलेल्या आमच्याच मुली फिसकन हसल्या. झालं! त्यानंतर मी काउंटरवर तोंड उघडलं नाही. छावणीचे कागद कॉलेजातल्या सरांनी आधीच मागवून ठेवले होते, त्यांवर माझं भागलं. आप्पांच्या यादीचं रजिस्टर मात्र मलाच विचारावं लागणार होतं. उद्या विचारू, उद्या विचारू करत महिना गेला. शेवटच्या दिवशी सगळ्या जणी नदीत बोटीनं फिरायला निघाल्या, मीही गेले. त्या फोटोत सगळ्यांत जास्त मीच हसतेय. बघवत नाही मला तो फोटो.

गावी आले तर आप्पा आमच्या दारातच बसलेले.

"घावलं का गं?"

आजूबाजूच्या बायका कौतुकानं बघत होत्या. बोलायला लाजले, म्हणून विचारलंच नाही, हे कुठल्या तोंडानं सांगणार होते मी?

"बघितलं आप्पा. नाव नाही यादीत."

"समदं बघितलंस?"

"सगळं रजिस्टर बघितलं."

आप्पांनी मान हलवली, तांब्यातलं पाणी प्यायले आणि घरी गेले.

भादव्यात सर्वपित्रीला त्यांनी मला जेवायला बोलावलं. सूनबाई पितरांची पानं मांडत होत्या. तिसरं पान ठेवलं तसे आप्पा म्हणाले, "ते काढ. आयचं आन् आज्ज्याचं ऱ्हाऊ दे."

मग माझ्याकडं वळून सांगायला लागले, "आय गेल्यापासनं दरसाल बापाला पान वाढत आलो. म्हनलं, लढाईत गेला आसंल बापडा. जित्या माणसाला वाढत हुतो व्हय मी? माझी आय कुंकू न पुसता वाट बघत मेली, आन् ह्यो तिकडं..."

तेव्हा तरी सांगायचं होतं. "आप्पा, मी परत एकदा बघते ना," एवढंच कसंबसं म्हणाले.

"आता नगं. गाव खोटं बोलतंय आसं वाटायचं मला इतकी वर्सं. पर तू कशाला खोटं बोलशील?"

आणि त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात खीर वाढली. मी ती खाल्ली.