इंजिनातली निर्जळी

अठरा मे. सुट्टीचा दिवस. मसुऱ्याच्या घरी मागच्या पडवीत मी कोकमाचे रतांबे फोडत बसले होते. साली एका टोपात, बिया आणि रस दुसऱ्यात. पाऊस यायच्या आत आमसुलं वाळायला हवीत, म्हणून सुट्टी असली तरी हाताला सुट्टी नव्हती. दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

जाऊ मोबाइल घेऊन आली. चेहरा चमत्कारिक.

“गो, ह्या आयक. ह्यो आवाज तुझोच मा?”

मोबाइलमध्ये आधी खरखर. मग माझा आवाज.

“मास्तर, पुढच्या स्टेशनात दहा मिनिटं थांबायचंय.”

“का? इंजिनात बिघाड?”

“नाही. उतरायचंय.”

“कशासाठी, मॅडम? कारण सांगा. मला वर कळवावं लागतं.”

मग मी, हळू: “बाथरूमला.”

आणि तिसराच कुणीतरी, दुसऱ्या गाडीवरचा: “घ्या मास्तर, घ्या लवकर! मॅडमची टाकी भरली!”

दोघा-तिघांचं हसणं. संपलं.

स्टेशनमास्तरांशी वॉकी-टॉकीवर केलेलं बोलणं त्या टापूतल्या सगळ्या गाड्यांवर ऐकू येतं. कुणीतरी ते मोबाइलवर धरून ठेवलं होतं. तिथून ते कुठे कुठे फिरून जावेच्या माहेरच्या ग्रुपवर आलं होतं. खाली हसून लोळणारे चेहरे.

“कोण गो हे मेले?” जाऊ म्हणाली.

“माझ्याबरोबर काम करतत ते.”

“आणि तू गप?”

मी पुढचा रतांबा उचलला. तो फोडताना सुरी घसरली. मला राग आला होता असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तसं नव्हतं. मला भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी ड्युटी होती. पुन्हा तीच वेळ येणार होती, आणि आता सगळे कान लावून बसणार होते.

मी लोको पायलट आहे. मालगाडी चालवते. लोक म्हणतात ‘इंजिन ड्रायव्हर’, तेही चालतं. इंजिनाच्या पुढच्या भागात आमची केबिन असते, तिला कॅब म्हणतात. समोर मोठी काच. मेमध्ये ऊन सरळ मांडीवर येतं. मागे यंत्रं तापलेली. पंखा असतो, तो गरम हवा इकडची तिकडे करतो. आमच्या मार्गावर बोगदे फार. बोगद्यात शिरलं की आवाज चारी बाजूंनी अंगावर येतो आणि शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. बाहेर आलं तरी कान वाजत राहतात.

आणि मोरी नाही. इतक्या मोठ्या यंत्रात माणसाला बसायची जागा आहे, माणसाच्या शरीराची सोय नाही.

पुरुष धावत्या गाडीत दार उघडून उभे राहतात. तेही सुखाचं नाही. आमच्यातल्या एकाचा हात असाच दांड्यावरून सुटला. तो गेला. त्यावर कुणी हसलं नाही, पण पुढे काही बदललंही नाही.

बाई दारात उभी राहू शकत नाही. तिला गाडी थांबवावी लागते. त्यासाठी विचारावं लागतं, सगळ्यांच्या कानांदेखत. थांबली तरी मालगाडी लांब, इंजिन प्लॅटफॉर्मच्या पार पुढे जाऊन उभं राहतं. खडीवरून चालत मागे यायचं नाहीतर झुडपात जायचं. झुडपात जनावर असेल, माणूस असेल. मला माणसाची जास्त भीती.

म्हणून आम्ही बायका पाणी पीत नाही. आदल्या संध्याकाळपासून हात आखडता. ड्युटीच्या दिवशी घोटभर, तोंड ओलं होईल इतकंच. आम्ही याला निर्जळी म्हणतो. “आज कोणाची निर्जळी?” असं हसत विचारतो. एकादशीची निर्जळी देवासाठी असते. ही कोणासाठी, हे कुणी विचारत नाही. मला गेल्या वर्षात तीनदा लघवीचा त्रास झाला. ताप, ओटीपोटात कळा. कणकवलीच्या डॉक्टरीणबाई ओरडल्या, “पाणी प्या हो! मूत्रपिंडं काय भाड्याने आणलीत?” मी हो म्हटलं. गोळ्या घेतल्या. निर्जळी सोडली नाही.

एकोणीस तारखेला मी घोटभरसुद्धा प्यायले नाही. त्या क्लिपमुळेच.

शेजारी सहाय्यक म्हणून दर्शना होती. पिंगुळीची मुलगी, नोकरीत नवी, तोंडाची फटकळ. तिनेही क्लिप ऐकली होती. चढताना एवढंच म्हणाली, “ताई, त्या टाकीवाल्याचो आवाज मी वळखलंय. गावलो की बघतंय त्येका.”

“गप. पुढे बघ.”

आमच्या कामात एक पद्धत आहे. सिग्नल दिसला की सहाय्यकाने हात पुढे करून तो मोठ्याने सांगायचा. मग लोको पायलटने स्वतः बघून तोच मोठ्याने म्हणायचा. दोघांचं जुळलं पाहिजे. नाही जुळलं, तर ज्यात जास्त सावध राहावं लागेल ते खरं धरायचं. दिवसभर हेच चालतं. “हिरवा.” “हिरवा.” देवळातल्या आरतीसारखं तोंडात बसतं.

दुपार झाली. माझी जीभ टाळूला चिकटत होती. डोकं हलकं झालं होतं. एका लांब बोगद्यातून बाहेर आलो आणि उन्हाने डोळ्यांसमोर पांढरं झालं. घाम यायचा थांबला होता. ते मला बरंच वाटलं. ते बरं नसतं, हे नंतर कळलं.

पुढे स्टेशन होतं. त्याच्या बाहेरचा सिग्नल दिसला. दर्शनाने हात केला.

“पिवळा!”

मी बघितलं. वर एक दिवा, खाली एक दिवा. स्पष्ट.

“डबल पिवळा,” मी म्हटलं.

रेल्वेत नसलेल्यांना सांगते. दोन पिवळे म्हणजे पुढचा सिग्नल लाल नाही, वेग आवरून पुढे चला. एक पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असेल, थांबायच्या तयारीने या. मागे कित्येक वाघिणी, म्हणजे मालडबे, भरलेल्या. तेवढं वजन मनात आलं म्हणून जागच्या जागी थांबत नाही.

“पिवळा, ताई! एकच दिवो आसा!”

मी पुन्हा बघितलं. दोनच होते. मी शपथेवर सांगितलं असतं. आणि तेवढ्यात मला सिग्नलचा खांब दिसला. खांबही दोन होते.

मी ब्रेक ओढला.

मागून वाघिणी एकमेकींवर आदळत आल्याचा आवाज एकेक करत पुढे आला. दर्शना काचेवर हात टेकून उभी होती. वळण सरलं. समोर लाल. त्याच्यापुढे, स्टेशनात, आमच्याच रुळावर दुसरी गाडी उभी होती. तिच्या शेवटच्या डब्याचा मागचा भाग दिसत होता. पायरीवर कुणी गार्ड बसून डबा खात होता.

आम्ही लालच्या अलीकडे थांबलो. बऱ्यापैकी अलीकडे. नियमाने बघितलं तर काहीच घडलं नव्हतं.

मला हँडलवरून हात काढता येईना. बोटं उघडत नव्हती. दर्शनाने एकेक बोट सोडवलं. मग तिच्या बाटलीतलं पाणी माझ्या तोंडाला लावलं. तीही बाटली भरलेलीच होती. तिचीही निर्जळी.

“माका दोन दिसले,” मी म्हटलं.

“माका ठाऊक आसा.”

“तू नसतंस तर?”

तिने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, “ताई, आयका. मागे आपल्या गार्डाक धक्को बसलो हा, तो कळवतलोच. तुमी सांगा, म्हस आडवी इली. म्हशीक कोण इचारतला?”

मला हसू आलं.

“खरा सांगलात तर तुमका खाली उतरवतले,” ती म्हणाली. “इंजिनार परत चढाक देवचे नाय.”

हे मलाही माहीत होतं. हे इंजिन मी कसं मिळवलं ते मलाच ठाऊक. पण रात्रंदिवस मला तो डबा खाणारा गार्ड दिसत राहणार, हेही तेव्हाच कळलं.

गाडी पोचवली आणि लॉबीत गेलो. लॉबी म्हणजे आमची हजेरी द्यायची जागा. आमचे वरचे साहेब आलेले होते. दुसऱ्या पाळीचे पाच-सहा जण बाकावर बसले होते. आमच्या गार्डाची तक्रार आधीच पोचली होती.

“ब्रेक का मारला, मॅडम?” साहेबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, “गुरं आली असतील. नाही का?”

त्यांना ती म्हैस माझ्याहून जास्त हवी होती.

“नाही साहेब. एका पिवळ्याचे मला दोन दिसले. दर्शनामुळे कळलं.”



“म्हणजे? दृष्टीत दोष आहे तुमच्या?”

“पाणी प्यायले नव्हते. कालपासून. चक्कर आली.”

“पाणी पिऊ नका असं रेल्वेने सांगितलंय?”

“नाही. पण प्यायले की उतरावं लागतं.”

साहेब हसले. तोंडभर नाही, ओठांच्या कडेला. “अच्छा. ती क्लिप तुमची होय! बघा मॅडम, ही नोकरी तुम्ही स्वतः मागून घेतलीत. कोणी घरी आमंत्रण द्यायला आलं नव्हतं. घरून जाऊन यायचं. सवयीचा प्रश्न असतो.”

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

साहेब मार्ग तपासायला येतात तेव्हा त्यांचा वेगळा डबा असतो. पलंग, स्वयंपाकी, न्हाणीघर. त्यांच्या सवयीचा प्रश्न कधी वॉकी-टॉकीवर आलेला मी ऐकला नाही.

माझी आई मालवणच्या बाजारात मासे विकायची. तिचा आवाज धक्क्यापर्यंत जायचा. माझा इतकी वर्षं घशातच राहिला होता. त्या दिवशी तो बाहेर आला. मलाच तो अनोळखी वाटला, इतका मोठा.

“साहेब, लघवी लागते. मला लागते, हिला लागते, या बाकावरच्या सगळ्यांना लागते. तुम्हालाही लागते. आज मी ती दाबून ठेवण्यासाठी तहानलेली राहिले आणि समोरच्या गाडीवर जाणार होते. हे सवयीत बसवून दाखवा.”

साहेब लाल झाले. बाकावरचे सगळे जमिनीकडे बघत होते.

“उद्या सकाळी मेडिकल,” ते म्हणाले. “तोवर इंजिनावर पाय ठेवायचा नाही.”

बाहेर आल्यावर दर्शना रडायला लागली. मी तिला म्हटलं, “रडू नको, आधीच अंगात पाणी नाय.” मग आम्ही दोघी नळापाशी उभ्या राहून पोट तट्ट होईपर्यंत पाणी प्यायलो.

रात्री झोप नाही. नोकरी जाईल, लोक म्हणतील बाईला झेपलं नाही, पुढच्या पोरींना माझं नाव सांगून घरी पाठवतील. एकेक भीती येऊन उशाशी बसत होती.

वीस तारखेला सकाळी रेल्वेच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर माझ्याहून लहान. अक्षरं वाचून घेतली, रंग ओळखायला लावले, दिवे दाखवले. एकाचा एकच दिसला.

“डोळे उत्तम आहेत,” ते म्हणाले. “फिट. संध्याकाळपासून ड्युटी घ्या. साहेबांचा फोन होता, त्यांनाही प्रकरण वाढवायचं नाही.”

माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला. मी उठणारच होते. इंजिन परत मिळत होतं, आणि बदल्यात कुणी काहीच मागत नव्हतं. मग लक्षात आलं की संध्याकाळी मी त्याच कॅबमध्ये चढणार, तशीच, आणि वळणापलीकडे दुसरा कुणी डबा खात बसलेला असणार.

“डॉक्टर, मी रात्री पोटभर पाणी प्यायलेय. इथे सावली आहे. इथे मला एकच दिसणार. दुपारी इंजिनात चला, पाणी न पिता माझ्या शेजारी बसा, आणि मग माझे डोळे तपासा. तुमचेही तपासा.”

“बाई, ते माझं काम नाही.”

“मग कारण लिहा. तहान. उष्मा. कॅबमध्ये मोरी नाही.”

“तसा रकाना नाही यात.”

“समासात लिहा.”

“फिट दिलंय ना तुम्हाला? उठा आता. बाहेर लोक खोळंबलेत.”

“लिहिल्याशिवाय मला फिट नको.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. शिपायाला हाक मारली. शिपाई दारात येऊन उभा राहिला. मागून रांगेतली माणसं डोकावून बघत होती. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि उठले नाही.