तिसऱ्या बाकावरचा रुमाल

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा रविवारचा उपदेश कुठून सुरू होणार हे सगळ्यांना माहीत असायचं. कुठे संपणार हे त्यांनाही माहीत नसायचं. तसे देवमाणूस, पण एकदा बोलायला लागले की गाडी उताराला लागलीच. मी पडले शिवणकाम करणारी. लांबलेलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात.

मंडळीला वाचवलं ते पाळकबाईंनी. त्या तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसायच्या. वीस मिनिटं झाली की पर्समधून पांढरा रुमाल काढून नाकाला लावायच्या. तो दिसला की साहेब दोन वाक्यांत आमेनवर यायचे. नवराबायकोतला हा करार महिन्याभरात सगळ्यांना कळला. मग काय, कान साहेबांकडे आणि डोळे बाईंच्या पर्सकडे. एका थंडीत बाईंना खरंच सर्दी झाली. ओळीने तीन रविवार उपदेश चार मिनिटांत आटोपला. त्या महिन्यात त्यांना कुणी म्हणून औषध सुचवलं नाही.

बाई बुटक्या, हसऱ्या, आणि डोळ्यांतलं पाणी कायम काठाशी. कुणाचं बाळ चालायला लागलं तरी ते सांडायचं. त्यांच्या दाराला दिवसा कधी कडी दिसली नाही. दुःख घेऊन येणाऱ्याला आधी चहा, मग चौकशी. मी विधवा झाले त्या वर्षी मी तिथे किती चहा प्यायले, देवच जाणे.

अकरा वर्षांनी बदलीचं पत्र आलं. सामान बांधायला मी गेले. पडदे मी शिवलेले, तेव्हा उतरवायचा मानही माझाच. त्यांच्या लेकीने एका खोक्यावर लिहिलं होतं, ‘बाबांचे उपदेश. कंबर सांभाळा.’ बाई त्याच खोक्यापुढे फरशीवर बसल्या होत्या.

“मावशी, हे बघा,” बाई मला म्हणाल्या.

वरच्याच उपदेशाची पहिली पानं मळलेली, कोपरे दुमडलेले. शेवटची दोन पानं करकरीत. दुसऱ्या उपदेशाचं तेच, तिसऱ्याचंही तेच.

“अकरा वर्षं मी ह्यांना शेवटापर्यंत पोचूच दिलं नाही हो.”

“उपकार केलेत,” मी म्हणाले.

त्या हसल्या नाहीत. पर्समधला रुमाल काढून माझ्या हातात कोंबला. “रविवारी शेवटचा उपदेश. हा एक तरी पुरा होऊ दे. मी रडणार, हा मागणार, तुमच्या पाया पडणार. तुम्ही द्यायचा नाही.”

रविवारी दहाव्या मिनिटालाच बाईंच्या डोळ्यांना धार लागली. पंधराव्याला त्यांचा हात माझ्यापुढे आला. मी मान हलवली.

“मावशी, नाक गळतंय!”

“बाही आहे ना.”

बाही मीच शिवलेली. तिची पार वाट लागली, पण मी बधले नाही. पंचवीस मिनिटं झाली. साहेब तिसऱ्या बाकाकडे बघायचे, रुमाल दिसत नाही म्हणून चाचरायचे, पुन्हा पुढे जायचे. मग ते म्हणाले, “पहिल्याच रविवारी माझा झगा पाठीवर उसवला होता. एका बाईने मला न विचारता, उभ्याउभ्याच टाके घातले. तेव्हाच वाटलं, इथे आपलं जमेल.”

ती बाई मी. अकरा वर्षांत त्यांनी ही गोष्ट कधी काढली नव्हती. माझे डोळे भरून आले. हाताला आला तो रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं.

साहेब वाक्याच्या मध्येच थांबले. “आमेन,” म्हणाले आणि कागद मिटले.

अख्खं चर्च माझ्याकडे वळलं. बाईंनी कपाळावर हात मारला. मी ताडकन उभी राहिले. “साहेब, रुमाल त्यांचा आहे, पण नाक माझं! तुमचं चालू द्या!”

असा हशा त्या छपराने कधी ऐकला नसेल. साहेब बिचकत म्हणाले, “अजून दोन पानं आहेत.”

“वाचा!” ओरडला कोण, तर मागच्या बाकावरचा घड्याळवाला. अकरा वर्षं दर रविवारी घड्याळ कानाशी धरून हलवणारा हाच.

साहेबांनी दोन्ही पानं वाचली. कुणी हललं नाही. आता खरं सांगते, त्या पानांत काही नव्हतं. आधीचंच पुन्हा, जरा सावकाश. मी बाईंच्या कानात म्हणाले, “तुम्ही बरोब्बर जागीच कापत होतात. कात्रीवाली सांगतेय.” त्या रडता रडता इतक्या हसल्या की उचकी लागली.

ट्रक भरल्यावर मी त्यांना डझनभर नवे रुमाल दिले, कडा हाताने शिवलेले. जुना परत करू लागले तर घेईनात.

“तुमच्याकडेच राहू दे. नवे पाळकही बोलके निघाले तर? आता तुमच्यावर आहे सगळं.”

इतका मोठा मान मला आजवर कुणी दिला नव्हता.

नवे पाळक भले आहेत, वक्तशीर आहेत. बारा मिनिटांत आमेन. मंडळी खूश. मी रुमाल पर्समध्ये घेऊन तिसऱ्या बाकावर बसते, आणि तसाच घरी आणते. परवा मात्र राहवेना. दारात त्यांना गाठून म्हटलं, “साहेब, दोन पानं जास्त लिहीत जा की.”