रेग्युलेटरला लावलेलं तेल

स्वस्तात घ्यायची हौस माझी, बाबांची नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर मी सगळं त्यांच्यावर ढकललं.

चाळिशीत मला समुद्राखाली जायचं खूळ लागलं. मालवणला आमचं घर किनाऱ्याला लागून, पण मी वाढले मुलुंडला. गुडघाभर पाण्याच्या पुढे कधी गेले नव्हते. अंधेरीच्या एका तरणतलावात स्कूबा शिकायला जाऊ लागले. शिकवणारे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मास्क तेवढा नवा घ्या, चेहऱ्याला नीट बसणारा. बाकी सगळं भाड्याने. आणि रेग्युलेटर जुना तर घेऊच नका." रेग्युलेटर म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र. पाण्याखालचा सगळा श्वास त्याच्यावर.

पण मला भाड्याचं नको होतं ना! दहा जणांनी चावलेलं तोंडात कोण घालणार? मग मोबाइलवर बोरिवलीच्या एका गृहस्थाची जुन्या रेग्युलेटरची जाहिरात दिसली. निम्म्याहून कमी किंमत. "मॅडम, दोनदाच वापरलंय, एकदम झकास," तो म्हणाला. मी पिशवीत घालून घेऊन आले. तेही कोणीतरी चावलेलंच होतं, हे तेव्हा सुचलं नाही.

बाबा मुलुंडच्याच एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. निवृत्त झाले तरी दर खंडेनवमीला हत्यारं पुसायची, तेल द्यायचं, पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचं, हा त्यांचा नेम. त्या वर्षी पान्यांच्या आणि पकडींच्या मधोमध माझा रेग्युलेटर! वर झेंडूचं फूल, रबरी नळी काळी कुळकुळीत, सांध्यासांध्यात मशीनचं तेल सोडलेलं.

"मशीन सुकी ठेवची नाय गो बाय," ते कौतुकाने म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. याला तसलं तेल चालत नाही, एवढं मी वर्गात ऐकलं होतं. "काय केलंत हे बाबा? वाट लावलीत! खाली जीव गेला असता माझा! कळत नाही तिथे हात कशाला लावता?" ते फडकं घेऊन नळी पुसत बसले, तर हळद आणखीच पसरत गेली.

रविवारी मी तो रेग्युलेटर सरांपुढे ठेवला आणि बाबांची तक्रार सांगायला लागले. सरांनी आधी मलाच झापलं, नको म्हटलं असताना जुना घेतला म्हणून. मग त्यांनी नळी वाकवली. तेलाखाली भेगाच भेगा. तोंडात धरायचा रबर नखाने तुटला. "हे वर्षानुवर्षं पडून होतं. तेल नसतं तरी गेलेलंच. तुम्ही फसलात." आणि वर म्हणाले, "वडिलांनी तेल लावलं म्हणून निदान तुम्ही दाखवायला तरी आणलंत."

बोरिवलीवाल्याने माझा नंबर ब्लॉक केला होता. घरी बाबा दारातच उभे. "काय म्हणाले सर?"

मी चपला काढत म्हणाले, "गेलं. तेलाने खराब झालं."

का म्हणाले? स्वतःला मूर्ख म्हणवून घ्यायची लाज वाटली, दुसरं काय! पुढे मालवणला भाड्याच्या सामानाने खाली गेले, रंगीत मासे पाहिले, फोटो काढले. बाबांनी ते फोटो चष्मा लावून पाहिले आणि "बरा झाला" म्हणाले.

पुढच्या खंडेनवमीला पाट मांडलाच नाही. हत्यारांची पेटी पलंगाखाली असायची, तिथे आता चादरी होत्या. भंगारवाल्याला दिली, आई म्हणाली.

परवा पंखा कुरकुरायला लागला. आमच्या घरात पंख्याला बाहेरच्या माणसाचा हात कधी लागलेला नाही. मी सवयीने म्हणाले, "बाबा, बघता का जरा?"

"मिस्त्रीक बोलाव," पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले. "माझ्या हातान वस्तू खराब होतत."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी फोन उचलला आणि मिस्त्रीला लावला.