बसऱ्याच्या मांजरीचा खोकला

आमच्या घरात खोकायची चोरी होती. घशात मासळीचा काटा अडकला तरी आम्ही मुलं परसात पळायचो. कारण होतं फुफा. फुफी म्हणजे बाबांची बहीण, आणि तिचा नवरा मुंबईच्या गिरणीतून परतला तो छातीत क्षय घेऊनच. घरातले कर्ते मोठे चाचा. त्यांनी फुफांना आंब्याच्या बागेतल्या मांगरात, गवताने शाकारलेल्या त्या खोपटात, वेगळं ठेवलं. फुफी ताट घेऊन जायची आणि उंबऱ्याबाहेर ठेवून परत यायची. आत पाऊल टाकायला तिला मनाई होती. फुफा तिथेच गेले. त्यानंतर फुफी त्या बाजूला फिरकली नाही.

अशा घरात बाबांनी मांजर आणली. ते बसऱ्याकडे जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी होते. खजुराच्या करंडीतून ती उतरली तेव्हा मोहल्ला बघायला लोटला, कारण एवढे लांब केस असलेली मांजर रत्नागिरीत कुणी पाहिली नव्हती. बाबा पुन्हा बोटीवर गेले, उन्हाळा तापला, आणि तिचे केस सावरीचं बोंड फुटल्यासारखे घरभर उडायला लागले. ती दिवसभर अंग चाटत बसायची.

एका पहाटे चाचा नमाजाला उठले असताना ती पडवीत मान लांब करून खोकली. कोरडी, खोल, पोट आवळून येणारी उबळ. चाचांच्या हातातला लोटा खाली पडला. स्वयंपाकघरातून फुफी धावत दारापर्यंत आली आणि तिथेच भिंतीला टेकली. तो आवाज तिला ओळखीचा होता.

चाचांनी निकाल दिला तो उजाडायच्या आत. मांजर आजपासून मांगरात, आणि येत्या शुक्रवारी, जुम्याला, होडीतून खाडीपलीकडे, भाट्याला सोडायची. मी विचारलं, मांजरीला क्षय होतो हे तुम्हाला कुणी सांगितलं? उत्तर म्हणून कानाखाली बसली. आज माझे केस पिकले, पण तो प्रश्न बरोबर होता असंच माझं म्हणणं आहे.

कारण मी खाटेखाली एक गोळा पाहिला होता. बोटाएवढा, ओला, काथ्याचा तुकडा भिजवून पिळावा तसा. चाचा म्हणाले होते, चावलेला उंदीर असेल. उंदीर कसला! जी दिवसभर केस गिळते तिच्या पोटातून केसच निघणार, हे कळायला काही हकीम व्हावं लागत नाही.

मी फुफीची उवा काढायची लाकडी फणी उचलली, वाटीत खोबरेल घेतलं आणि सरळ मांगरात जाऊन बसले. गळणारे केस फणीतच आले तर ते पोटात जाणार कसे, एवढा साधा हिशेब. पोटाखाली तर जटाच झाल्या होत्या. त्या तेलाच्या बोटाने सोडवल्या. पुढच्या पंजाला थेंबभर तेल पुसलं की ती ते चाटून टाकी. आत अडकलेलं घसरून जाईल असा माझा अंदाज होता. बांधावरचं कोवळं गवत ती आपणहून खायची, मी तिला हटकलं नाही. तिला पाजायला बांगडा उकडलेलं पाणी मात्र चोरून आणावं लागलं. शेजारणी कुंपणावरून म्हणायच्या की या पोरीचं डोकं फिरलंय. फिरलेलंच होतं. घरून बोलावणं आलं तेव्हा मी निरोप पाठवला की मांजरीचा क्षय आता मलाही झाला असेल, मलाही भाट्याला सोडा.

जुम्याला चाचा गोणपाट घेऊन आले. त्यांच्या मागून फुफी आली, मला ओढून न्यायला. उंबऱ्यापाशी ती थबकली. नेमकी तेव्हाच मांजरीने मान लांब केली आणि तीच उबळ सुरू झाली. चाचा दोन पावलं मागे सरले. मी मांजरीला धरून बसले होते, मी हलले नाही. तिचं अंग आकसलं, पुन्हा आकसलं, आणि तिच्या तोंडातून ओला गोळा जमिनीवर पडला. मग ती शांतपणे पंजा चाटायला लागली.

चाचा म्हणाले, राख टाक त्यावर, कुणी हात लावू नका.

फुफीने उंबरा ओलांडला. खाली बसली, तो गोळा चिमटीत धरला आणि उजेडाकडे नेऊन उलगडला. एकेक केस सुटा झाला.

"केस हायत," ती म्हणाली. "रोग नाय."

चाचांनी ते मानलं नाही. घरात बाळंतीण आहे, तान्हं मूल आहे, खोकला तो खोकला, असं म्हणत त्यांनी गोणपाट पुढे केलं. फुफीने आयुष्यात त्यांच्यापुढे कधी आवाज काढला नव्हता, त्या दिवशीही तो चढला नाही.

"एका खोकनाऱ्याला मी हितं धाडू दिलं, भाई," ती म्हणाली. "दुसऱ्याला नाय धाडायची."

तिने मांजर उचलून खांद्यावर घेतली आणि मोहल्ल्याच्या मधल्या वाटेने, सगळ्यांच्या देखत, पुढच्या दाराने घरात नेली. मी फणी आणि वाटी घेऊन मागे. चाचा गोणपाट घेऊन कुठे गेले ते मी बघितलंही नाही.

पुढे रोज सकाळी फुफी तिला पडवीतच विंचरायची, मागे परसात नाही. ज्याला बघायचं त्याने बघावं. विंचरणं, तेल, गवत, सगळं नेमाने सुरू झालं आणि खोकला खूप कमी झाला. पण केस गळण्याच्या दिवसांत कधीतरी उबळ यायचीच. मग फुफी हातातलं काम टाकून तिच्याजवळ जमिनीवर बसायची, पाठीवर हात ठेवायची, आणि उबळ पूर्ण ओसरेपर्यंत तो हात उचलायची नाही.