देवाजीचा बोजारा

तुमसर रोड स्टेशनावर उतरले तेव्हा अंगातून आगगाडीचा खडखडाट अजून गेला नव्हता. साताऱ्याहून इथवर, महाराष्ट्राचं एक टोक सोडून दुसरं गाठायला, मी माझ्या पगारातून काढलेल्या तिकिटावर एकटीच आले होते. याचा मला इतका आनंद झाला होता की स्टेशनावरचा पाणचट चहाही मी मिटक्या मारत प्यायले. त्या वर्षांत रेडिओवर महिला दशकाची भाषणं फार. ऐकून ऐकून कान किटले होते, पण त्या दशकाचा फायदा पदरात पाडून घेणाऱ्यांत मीही होतेच की!

माझी शाळेतली मैत्रीण निर्मला सिहोऱ्याच्या पुढे एका खेड्यात नर्स होती. तिच्याकडे चार दिवस राहायचा बेत होता. सिहोऱ्यापर्यंत एसटी मिळाली. पुढे पावसाळ्यात एसटी जात नाही, म्हणून निर्मलाने शेजारच्या देवाजीची रेंगी (हलकी बैलगाडी) पाठवली होती. देवाजी मितभाषी माणूस. वाटेत त्याने एकच प्रश्न विचारला.

"मालक नाई आले?"

"त्यांना रजा नाही," मी म्हटलं. त्याने बैलांकडे असं पाहिलं, जणू तेही माझ्यासारखेच मोकाट सुटले असावेत.

दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेल्या बांध्या (भाताची खाचरं) होत्या. रोवण्याचे, म्हणजे भातलावणीचे दिवस. गुडघाभर चिखलात ओणव्या बायांची रांग मागे मागे सरकत होती आणि तिच्यापुढे पाण्यावर हिरवी रेघ उमटत होती. इतकं हिरवं मी आमच्या घाटातही पाहिलं नव्हतं.

रात्री जेवायला भात, लाखोळीची डाळ आणि तलावातले झिंगे (बारीक कोळंबी). मी पोळीबद्दल विचारलं तर निर्मला हसून म्हणाली, "इथं भाताला भातच तोंडी लावतात." झिंगे मात्र इतके झणझणीत की मी लाज सोडून तीनदा वाढून घेतले, आणि पुढे रोज मागत राहिले.

वाढणारी मुलगी होती वंदना, देवाजीची लेक. आई लहानपणीच गेलेली. मॅट्रिक होऊन ती निर्मलाच्या हाताखाली मलमपट्टी शिकली होती, आणि भंडाऱ्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली होती. मी परतायच्या दिवशीच तिथे हजर व्हायचं होतं. ती वेळ चुकली की जागा दुसरीला. पण देवाजी पोरीला वसतिगृहात ठेवायला तयार नव्हता. निर्मलाने समजावलं, त्याच्या थोरल्या बहिणीने, कौसाबाईने, भांडून पाहिलं. मग मी माझी शहाणी जीभ चालवली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बाई, तुमी चार दिवसानं चालल्या जासान," तो शांतपणे म्हणाला. "गावाचं बोलणं आमाले आयकून घ्या लागते."

मी मान डोलावली. मनातून मात्र मी त्याच्यावर जाम चिडले होते.

परतायच्या दिवशी सकाळी त्याचीच रेंगी. गावाबाहेर आलो तोच बांधीतून पाच-सहा बाया चिखलाच्या पायांनी धावत आल्या आणि बैलांपुढे उभ्या राहिल्या. पुढे कौसाबाई.

"थांबव रेंगी! बोजारा दे!"

निर्मलाने मला हे सांगून ठेवलं होतं. रोवण्याच्या दिवसांत रस्त्याने जाणाऱ्याला बाया अडवतात आणि बोजारा (खुशीची भेट) मागतात. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणं त्या मुलखात कुणाला शोभत नाही. मी हौसेने पर्स उघडली.

"पाव्हण्या बाईले काहून अडवून राहिल्या?" देवाजी म्हणाला.

"बाई कमावते, थे देईनच. पण आमी तिले नाई, तुले अडवलं."

"मी त गावचाच हावो!"

"रस्त्यानं जाऊन राहिला ना? मंग वाटसरू. भाऊ घरी. काढ बोजारा."

देवाजीने निमूट खिशातून नाणं काढलं. कौसाबाईने हात पुढे केला नाही.

"पैसा नोको. वंदनाले भंडाऱ्याले जाऊ दे. हाच आमचा बोजारा."

मागे बांधीत वंदना रोपांची जुडी हातात धरून उभी होती. मान खाली. एक तरुण बाई हळूच म्हणाली, "माही पोरगी लहान हाय, देवाजीभाऊ. पण थे वंदनाकडंच पाहून राहिली."

बैलांनी शेपट्या हलवल्या. देवाजीने कासरा हाताभोवती गुंडाळला, पुन्हा सोडला.

"सोबत कोण जाईन?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी जाते," माझ्या तोंडून निघून गेलं. तुमसरहून सुटणारी माझी गाडी गेली खड्ड्यात, भंडाऱ्याहून नागपूर कुठे लांब आहे!

देवाजीने वंदनाकडे न बघताच बहिणीला सांगितलं, "पाय धुऊन बस म्हणा तिले. रेंगी खराब होईन."

बायांनी असा गलका केला की बैल बुजले. कौसाबाईने धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) पळसाखालून कपड्यांचं गाठोडं काढलं. बाई तयारीनेच आली होती! मला रडू आवरेना, आणि मी ते आवरलंही नाही.

सिहोऱ्याला एसटीत आम्हाला बसवून देवाजी खिडकीशी आला. "बाई, तिले खिडकीजवळ बसवा. गाडी लागते तिले." एवढं बोलून तो बैलांकडे वळला.

लागली मात्र मला. चार दिवसांच्या झिंग्यांनी मोहाडीच्या अलीकडे सूड उगवला. वंदनाने मला खिडकीशी सरकवलं, कपाळ हातात धरलं, पदराने तोंड पुसलं. "डोये नोका मिटू, बाई. दूरच्या झाडाकडं पाहा." नखांत चिखल असलेला तो हात भंडारा येईपर्यंत माझ्या कपाळावरून हलला नाही.

तिला वसतिगृहात सोडून मी नागपूरची एसटी धरली. कधीतरी, कुठेतरी माझ्यासाठीही अशाच कुणी बायांनी वाट अडवली असणार, म्हणून तर मी तिकीट काढून एकटी हिंडते. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. आभार कुणाचे मानायचे ते कळेना, म्हणून मी खिडकीतून दिसेल त्या बांधीतल्या बायांना हात करत गेले. त्याही हसून हात करत होत्या.

साताऱ्याला माझा उतरलेला चेहरा पाहून हे घाबरले. "आजारी पडलीस की काय? सोबत तरी होती का कुणाची?"

"होती ना," मी म्हटलं. "नर्स होती."